रोलिंग थंडर की लाइनबॅकर? उत्तर व्हिएतनामवरच्या बाँबफेकीमागचे हेतू अभ्यासायचे तर कोणती मोहीम निवडावी

संरक्षणशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध किंवा आधुनिक इतिहासात प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी अनेकांचं घोडं एकाच जागी अडतं. विषय ठरलेला असतो: हवाई बाँबफेकीमागचं राजकारण. देशही ठरलेला असतो: व्हिएतनाम. मोहीम मात्र ठरत नाही. एकीकडे आहे २ मार्च १९६५ ते ३१ ऑक्टोबर १९६८ अशी साडेतीन वर्षं चाललेली रोलिंग थंडर. ती अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची. दुसरीकडे रिचर्ड निक्सन यांची लाइनबॅकर. तिचं पहिलं पर्व १० मे ते २३ ऑक्टोबर १९७२ असं चाललं आणि दुसरं १८ ते २९ डिसेंबर १९७२ या अकरा रात्रींचं होतं.

माझं मत आधीच सांगतो. हेतू हा प्रबंधाचा गाभा असेल तर रोलिंग थंडर घ्या. परिणाम हा गाभा असेल तर पहिली लाइनबॅकर घ्या. डिसेंबरच्या अकरा रात्री मात्र पहिल्या पर्वाचं शेपूट म्हणून हाताळू नका. त्यांचा हेतू वेगळा होता आणि त्यांचा खरा श्रोताही केवळ हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचं सरकार, नव्हता.

रोलिंग थंडर: एका मोहिमेवर लादलेले अनेक हेतू

७ फेब्रुवारी १९६५ रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या प्लेकूच्या अमेरिकी तळावर हल्ला झाला आणि आठ अमेरिकी सैनिक ठार झाले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी त्या वेळी व्हिएतनाममध्येच होते. त्यांनी त्याच दिवशी लिहिलेलं टिपण या अभ्यासाचं प्रवेशद्वार आहे. सातत्याने प्रत्युत्तरादाखल बाँबफेक करावी, अशी शिफारस त्यात आहे. यश मिळण्याची शक्यता त्यांनी २५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी धरली होती. पुढे ते म्हणतात की धोरण फसलं तरी ते राबवण्याजोगं आहे, कारण शक्य ते सगळं केलं नाही हा आरोप निदान बोथट होईल. म्हणजे मोहिमेचा शिल्पकारच पहिल्या दिवशी लिहून ठेवतो की हनोई नमलं नाही तरी वॉशिंग्टनच्या पदरात काहीतरी पडेल.

त्याला जोडून २४ मार्च १९६५चं जॉन मॅकनॉटन यांचं टिपण वाचा. ते संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांचे सहायक होते. अमेरिकेचं व्हिएतनाममधलं उद्दिष्ट त्यांनी टक्क्यांत मांडलं: ७० टक्के, मानहानिकारक पराभव टाळणं, २० टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती जाऊ न देणं, १० टक्के, तिथल्या लोकांना अधिक चांगलं आणि मोकळं आयुष्य मिळू देणं. हेतूंची इतकी उघड विभागणी खुद्द सरकारी कागदात मिळणं दुर्मीळ आहे, आणि १९७२साठी या तोडीचा कागद हाती लागत नाही.

या दोन टिपणांच्या उजेडात मोहिमेचे हेतू वेगळे काढता येतात. हनोईचा निर्धार खच्ची करणं हा पहिला. दक्षिणेकडे जाणारी माणसं आणि रसद रोखणं हा दुसरा. एकामागून एक सत्तापालट झालेल्या सायगोनमधल्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, सरकारला धीर देणं हा तिसरा, आणि १९६५च्या सुरुवातीला तोच सर्वांत निकडीचा होता. पुढे सायगोन सावरलं तसा तो मागे पडला आणि रसद रोखण्याची भाषा वाढली. एकच मोहीम चालू असताना तिचं समर्थन कसं बदलत गेलं, हे साडेतीन वर्षांच्या कागदांतून पावलापावलाने दाखवता येतं.

याहून महत्त्वाचे आहेत ते नकारात्मक हेतू, म्हणजे काय घडू द्यायचं नव्हतं. ऑक्टोबर १९५०मध्ये चीनच्या फौजा कोरियात उतरल्या होत्या. ते पुन्हा घडू द्यायचं नव्हतं. सोव्हिएत संघाशी थेट गाठ पडू द्यायची नव्हती. देशात १९६५मध्येच मेडिकेअर आणि मतदान हक्क कायदा संमत करून घ्यायचा होता, त्यामुळे अमेरिकी जनतेला युद्धाचा चटका जाणवू द्यायचा नव्हता. जॉन्सन यांची मोहीम या नकारांनी घडवली. लष्करप्रमुखांनी ९४ लक्ष्यांची यादी पुढे केली होती आणि ती थोड्या दिवसांत, जोरात उडवावी असा त्यांचा आग्रह होता. त्याऐवजी लक्ष्यं थोडी थोडी, आठवड्या-पंधरवड्याच्या हप्त्यांत, मंगळवारी व्हाइट हाउसमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी मंजूर होऊ लागली. परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री आणि सुरक्षा सल्लागार तिथे असत. लष्कराचा प्रतिनिधी तिथे नियमित बसू लागला तो १९६७ची अखेर जवळ आल्यावर.

हेतू नकाशावर वाचता येतो

रोलिंग थंडर निवडण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच. हनोईभोवती ३० सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरचं नियंत्रित वर्तुळ होतं आणि त्याच्या आत १० सागरी मैलांचं मनाई वर्तुळ. हायफाँग बंदराभोवती हीच वर्तुळं १० आणि ४ सागरी मैलांची होती. चीनच्या सीमेलगत २५ ते ३० सागरी मैलांचा पट्टा वर्ज्य होता. उत्तर व्हिएतनामच्या मिग लढाऊ विमानांच्या तळांवर एप्रिल १९६७पर्यंत हल्ला झाला नाही. कोणती जागा कधी मोकळी झाली याची तारीखवार नोंद ठेवली की राजकीय भीती कुठे आणि केव्हा सैल झाली ते दिसतं.

त्यावर उत्तर व्हिएतनामच्या सहा 'रूट पॅकेज' विभागांची चौकट ठेवा. सहाव्या विभागाचे ए आणि बी असे दोन भाग होते. नौदलाकडे दोन, तीन, चार आणि सहा-बी. हवाई दलाकडे पाच आणि सहा-ए. दक्षिणेला लागून असलेला पहिला विभाग सायगोनमधल्या लष्करी मुख्यालयाच्या अखत्यारीत. थायलंडमधल्या ताखली आणि कोरात तळांवरून हवाई दलाची एफ-१०५ विमानं निघत, तर टोंकिनच्या आखातातल्या 'यँकी स्टेशन'वरच्या विमानवाहू जहाजांवरून नौदलाची. या वाटणीमुळे दोन्ही दलांत उड्डाणसंख्येची चढाओढ लागली, आणि वाढत्या उड्डाणसंख्येमागे हाही एक हेतू होता. हल्ल्याची उड्डाणं १९६५मध्ये सुमारे २५ हजार, १९६६मध्ये ७९ हजार आणि १९६७मध्ये १ लाख ८ हजार झाली.

ती का फसली

इंधनसाठ्यांचं उदाहरण घ्या, कारण ते पूर्ण तपासता येतं. लष्करप्रमुख महिनोनमहिने मागत असलेली परवानगी अखेर मिळाली आणि २९ जून १९६६ रोजी हनोई-हायफाँगच्या तेलटाक्यांवर हल्ला झाला. मोठ्या टाक्यांतली सुमारे ७० टक्के साठवणक्षमता काही आठवड्यांत नष्ट झाली. पण हल्ला येणार हे हनोईला आधीच दिसत होतं. इंधन पिंपांत आणि छोट्या भूमिगत टाक्यांत देशभर विखुरलं गेलं होतं. टंचाई जाणवलीच नाही. त्याच उन्हाळ्यात मॅकनमारा यांनी नेमलेल्या 'जेसन' शास्त्रज्ञगटाने अहवाल दिला की बाँबफेकीचा हनोईच्या दक्षिणेतल्या कारवायांवर मोजता येईल असा थेट परिणाम झालेला नाही. सीआयएच्या हिशेबानुसार १ डॉलरचं नुकसान करायला १९६५मध्ये ६.६ डॉलर लागत होते, १९६६मध्ये ९.६.

मूळ कारण युद्धाच्या स्वरूपात होतं. १९६७च्या अमेरिकी अंदाजानुसार दक्षिणेतल्या कम्युनिस्ट फौजांची रोजची एकूण गरज सुमारे ३८० टन होती आणि त्यातले फक्त ३४ टन बाहेरून यावे लागत. उत्तर व्हिएतनामची आयात मात्र दिवसाला सहा हजार टनांच्या घरात होती. बाँबफेकीने निम्मे रस्ते बंद केले असते तरी ३४ टन पोहोचलेच असते.

दुसरं अपयश हेतूंच्या टकरीचं. डिसेंबर १९६६मध्ये पोलंडच्या मध्यस्थीने वॉर्सात अमेरिका आणि उत्तर व्हिएतनामची गाठ घालण्याचे प्रयत्न चालू होते. अमेरिकी सांकेतिक नाव 'मॅरिगोल्ड'. हनोईजवळची काही लक्ष्यं नोव्हेंबरमध्येच मंजूर झाली होती, पण हवामानामुळे हल्ले लांबले. ते झाले नेमके २ आणि ४ डिसेंबरला, आणि पुन्हा १३-१४ला. बोलणी मोडली. इथे कुणी डाव टाकला होता असं दिसत नाही. लक्ष्यांची यादी एका वाटेने सरकत होती, मुत्सद्देगिरी दुसऱ्या, आणि दोन्ही कागद एकत्र पाहणारी माणसं अगदी मोजकी होती. मंगळवारच्या भोजनाला नियंत्रण समजणाऱ्यांनी हा प्रसंग नीट तपासावा.

हवामानाबाबत एक सावधगिरी. आपल्या जून-सप्टेंबरच्या पावसाळ्याचं गणित तिथे लावू नका. तांबड्या नदीच्या खोऱ्यावर ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ढग दाटतात ते साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात नजरेने नेम धरणं कठीण. उड्डाणसंख्या हिवाळ्यात घटली की विद्यार्थी त्याला राजकीय संकेत समजतात. पुष्कळदा ते फक्त ढग असतात.

पहिली लाइनबॅकर: हेतू थोडे, लक्ष्य ठळक

३० मार्च १९७२ला उत्तर व्हिएतनामने रणगाडे आणि १३० मिलिमीटरच्या तोफांसह उघड आक्रमण केलं. अमेरिकेचं सैन्य तोवर ७० हजारांच्या आत यायला आलं होतं, म्हणजे जमिनीवरून उत्तर देणं शक्यच नव्हतं. निक्सन यांच्यापुढे तीन गोष्टी होत्या: दक्षिणेची आघाडी कोसळू न देणं, अमेरिकी माघारीला सन्मानाचं रूप देणं आणि ७ नोव्हेंबरची निवडणूक.

चौथा हेतू युद्धातूनच उपजला होता. युद्धकैदी सोडवणं हा १९७२मध्ये अमेरिकी जनमताचा मोठा आग्रह होता, आणि हनोईच्या तुरुंगातले बहुसंख्य कैदी म्हणजे बाँबफेकीत पाडले गेलेले वैमानिक. एका मोहिमेने पुढच्या मोहिमेचा हेतू जन्माला घातला. दोन्ही मोहिमा जोडून अभ्यासणाऱ्याला हा धागा फार उपयोगी पडतो.

नकारात्मक हेतू मात्र जवळपास गळून पडले होते. फेब्रुवारीत निक्सन पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आले होते आणि २२ मेपासून मॉस्कोत शिखर बैठक ठरली होती. ८ मे रोजी त्यांनी हायफाँगच्या तोंडाशी सुरुंग पेरण्याची घोषणा केली. 'कोरल सी' या जहाजावरच्या विमानांनी ३६ सुरुंग टाकले आणि ते ११ मेपासून सक्रिय झाले. सोव्हिएत संघाने निषेध केला, पण बैठक रद्द केली नाही. जॉन्सन यांना सतत छळणारा प्रश्न मॉस्कोच्या त्या संयमाने निकालात निघाला.

लेझरने दिशा दिलेले बाँब ही दुसरी नवी गोष्ट. थान्ह होआचा हाम रोंग पूल एप्रिल १९६५पासून शेकडो उड्डाणांना पुरून उरला होता. १३ मे १९७२ला तो पडला. हनोईचा पॉल दूमेर पूल त्याच्या दोन-तीन दिवस आधी. लक्ष्यांची निवड आणि वेळ ठरवण्यात सेनापतींना बरीच मोकळीक होती. तरी ही बंधनमुक्त मोहीम होती असं लिहू नका. चीनलगतचा पट्टा तेव्हाही होता, आणि नद्यांच्या बांधांना लक्ष्य करायचं नाही हेच अधिकृत धोरण होतं. बांधांच्या नुकसानीवरून त्या उन्हाळ्यात मोठा आंतरराष्ट्रीय वाद झाला.

परिणाम दिसला, कारण या वेळी बाँबना रोखण्याजोगं काही होतं. रणगाड्यांच्या फौजेला रोज इंधन आणि तोफगोळे लागतात. दक्षिणेतल्या आन लॉक शहराचा वेढा टिकला नाही, क्वांग त्री शहर सप्टेंबरमध्ये परत घेतलं गेलं. त्यात दक्षिणेतल्या रणांगणावरच्या बी-५२ या अवजड बाँबफेकी विमानांच्या माऱ्याचा वाटा मोठा होता, आणि तो लाइनबॅकरच्या खात्यात येत नाही. या दोन गोष्टी एकत्र मोजणं ही प्रबंधांतली नेहमीची चूक आहे.

८ ऑक्टोबरला हनोईच्या वतीने बोलणी करणारे ले डुक थो यांनी सायगोनचे अध्यक्ष थिऊ यांना हटवण्याची अट सोडून नवा मसुदा ठेवला. बाँबफेकीचं यश म्हणून हे सांगताना दुसरी बाजू वगळू नका: उत्तरेचं सैन्य दक्षिणेत राहू द्यायला अमेरिका आधीच तयार झाली होती.

डिसेंबर १९७२: पत्ता हनोईचा, निरोप सायगोनला

मसुदा हनोईने मान्य केला होता. अडवला तो थिऊ यांनी. त्यांनी ६९ बदल मागितले. ते अमेरिकेने नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या टेबलावर ठेवले, हनोईने मग स्वतःच्याही सवलती मागे घ्यायला सुरुवात केली आणि १३ डिसेंबरला बोलणी थांबली. १४ नोव्हेंबरच्या पत्रात निक्सन यांनी थिऊ यांना वचन दिलं होतं की हनोईने करार मोडला तर जलद आणि कठोर प्रत्युत्तर देऊ. ३ जानेवारीला नवी काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, भरणार होती आणि ती युद्धाचे पैसे तोडण्याची दाट शक्यता होती. म्हणजे हाती तीन आठवड्यांहून कमी वेळ होता. वर आभाळ ढगाळ. त्यामुळे रडारवर बाँब टाकणारी बी-५२ हाच व्यवहार्य पर्याय उरला.

गुआम आणि थायलंडच्या ऊ-तापाओहून बी-५२ची ७२९ उड्डाणं झाली आणि १५ विमानं पडली. त्यातली सहा एकट्या तिसऱ्या रात्री, २० डिसेंबरला. कारणं तांत्रिक होती: त्याच वाटा, त्याच उंच्या, त्याच वेळा, बाँब टाकल्यावर घेतलं जाणारं तीव्र वळण, ज्यात रडारला चकवणारा विद्युतलहरींचा झोत जमिनीपासून दुसरीकडे वळे, आणि 'जी' प्रकारच्या काही विमानांवर जुनी उपकरणं. आराखडे नेब्रास्कातल्या मुख्यालयात बनत होते, म्हणून दुरुस्तीला वेळ लागला. २६ डिसेंबरला पद्धत बदलली: सुमारे १२० विमानं वेगवेगळ्या दिशांनी येऊन पंधरा मिनिटांच्या आत लक्ष्यांवरून गेली.

२२ डिसेंबरला बाख माई रुग्णालयावर बाँब पडले, २६च्या रात्री खाम थिएन ही वस्तीची गल्ली उद्ध्वस्त झाली. हनोईने मृत नागरिकांचा आकडा हनोईत १,३१८ आणि हायफाँगमध्ये ३०६ असा दिला. हा आकडा रोलिंग थंडरमधल्या, एका प्रचलित अंदाजानुसार सुमारे ५२ हजार नागरिकांच्या मृत्यूंशेजारी ठेवताना काळ आणि क्षेत्र दोन्ही सांगा. नाहीतर अकरा रात्री सौम्य वाटू लागतील, आणि त्या रात्री हनोईत असलेल्यांवर तो अन्याय ठरेल.

करार २७ जानेवारी १९७३ला झाला. ऑक्टोबरचा मसुदा आणि जानेवारीचा करार कलमवार शेजारी ठेवून वाचा. हे काम दोन दिवसांत होतं आणि प्रबंधातलं सर्वांत ठोस प्रकरण देऊन जातं. फरक किरकोळ आहेत. उत्तरेचं सैन्य दक्षिणेतच राहिलं. म्हणून माझा निष्कर्ष असा की त्या अकरा रात्रींनी हनोईकडून नवं फारसं मिळवलं नाही. त्यांनी थिऊ यांना अमेरिकी वचनाचा नमुना दाखवला आणि निक्सन यांना काँग्रेस भरण्याआधी बाहेर पडण्याची वाट दिली. हे प्रत्युत्तराचं वचनही काँग्रेसने १५ ऑगस्ट १९७३पासून बाँबफेकीवर घातलेल्या बंदीने निकामी केलं.

'हात बांधले नसते तर' हा युक्तिवाद

तुलना करायला घेतलीत की तो समोर येणारच: १९७२ची मोहीम १९६५मध्ये केली असती तर युद्ध तेव्हाच संपलं असतं. तो मान्य करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. १९६५मध्ये ३४ टनांची फौज होती, रणगाड्यांची नव्हे. चीनची भीती पोकळ नव्हती. १९६५ ते १९६८ या काळात चीनचे एकूण सुमारे ३ लाख २० हजार अभियंता आणि विमानभेदी सैनिक उत्तर व्हिएतनाममध्ये येऊन गेले. आणि मागणीच वेगळी होती: जॉन्सन हनोईला दक्षिण सोडून द्या म्हणत होते, निक्सन फक्त आम्हाला बाहेर पडू द्या म्हणत होते. लहान मागणी कमी बाँबमध्ये पूर्ण होते. रोलिंग थंडरमध्ये सहा लाख टनांहून अधिक बाँब पडले, पहिल्या लाइनबॅकरमध्ये सुमारे १ लाख ५५ हजार टन. केवळ या दोन आकड्यांवरून कार्यक्षमतेचा निष्कर्ष काढणारा प्रबंध परीक्षकासमोर टिकत नाही.

काम करताना

प्रत्येक हल्ल्याच्या निर्णयासाठी चार रकाने आखा: तारीख, मागणी कुणी केली, लक्ष्य आणि विभाग, त्या आठवड्यात चालू असलेल्या वाटाघाटी. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. चौथ्यात मॅरिगोल्डसारखे प्रसंग सापडतात. हल्ल्याची उड्डाणं आणि एकूण उड्डाणं वेगळी ठेवा. १९६६चा हल्ल्याचा आकडा ७९ हजार आहे, तर टेहळणी आणि संरक्षणासह एकूण सुमारे १ लाख ४८ हजार. अमेरिकी टन ९०७ किलोचा असतो, हेही तळटीपेत एकदा लिहून टाका.

कागदपत्रांच्या बाबतीत रोलिंग थंडरचं पारडं जड आहे. 'पेंटागॉन पेपर्स' हा संरक्षण खात्याचा अंतर्गत अभ्यास २०११पासून संपूर्ण खुला आहे, सुमारे सात हजार पानं, आणि तो १९६८पर्यंतच येतो. लाइनबॅकरसाठी परराष्ट्र खात्याचे प्रकाशित दस्तऐवज आणि निक्सन यांच्या ध्वनिफिती आहेत. पण ध्वनिफिती ऐकायला वेळ फार लागतो, आवाज अस्पष्ट असतात, आणि निक्सन बोलताना अनेकदा ऐकणाऱ्यावर छाप पाडण्यासाठी बोलतात. टिपणाइतका भरवसा त्यावर ठेवू नये.

भारतीय अभ्यासकाला रोलिंग थंडरमध्ये आणखी एक जागा मोकळी आहे. १९५४च्या जिनिव्हा करारानंतरच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं; पोलंड आणि कॅनडा इतर सदस्य. जुलै १९६६मध्ये, तेलटाक्यांवरच्या हल्ल्यानंतर लगेच, इंदिरा गांधींनी बाँबफेक थांबवून जिनिव्हा परिषद पुन्हा बोलावण्याची मागणी केली. दुष्काळाचं वर्ष, अमेरिकी गव्हाची जहाजं, आणि त्याच वेळी ही भूमिका. जॉन्सन यांची नाराजी त्या जहाजांच्या संथ मंजुरीशी किती जोडलेली होती, यावर मराठीत स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा.

सहा महिन्यांचा एम.ए.चा लघुप्रबंध असेल तर फेब्रुवारी ते जुलै १९६५ एवढाच तुकडा घ्या: बंडींचं टिपण, मॅकनॉटन यांचे टक्के आणि ८ मार्चला दा नांगला उतरलेले मरीन. हवाई तळाच्या रक्षणासाठी आलेल्या त्या सुमारे साडेतीन हजार सैनिकांमागोमाग जमिनीवरचं युद्ध कसं आलं हे त्यात पुरतं मांडता येतं. पीएच.डी. असेल आणि व्हिएतनामी भाषा येत नसेल तर डिसेंबर १९७२ एकट्याने घेऊ नका, कारण हनोई वाटाघाटींकडे का परतलं याचं उत्तर अमेरिकी कागदांत फक्त अंदाजाने मिळतं. त्याऐवजी रोलिंग थंडर मुख्य ठेवा आणि ऑक्टोबर-जानेवारीची कलमवार तुलना शेवटचं प्रकरण म्हणून जोडा.